छायाचित्रातील पतंग अ‍ॅटलास नव्हे, टसरचा

महोदय,

आपल्या दैनिकात ‘दुर्मीळ अ‍ॅटलास पतंग आढळला’ या मथळ्याखाली छापलेल्या छायाचित्रातील पतंग अ‍ॅटलास नसून अँथेरिया मायलिटा, म्हणजे विदर्भात ज्याच्या कोशांपासून टसर रेशीम काढतात त्या जातीची मादी आहे. दोन्ही पतंग सॅटर्निडी या एकाच कुळातील आणि आकाराने मोठे असल्याने गल्लत होते. परंतु अ‍ॅटलासच्या पंखांवर त्रिकोणी पारदर्शक खिडक्या असतात आणि पुढच्या पंखांची टोके सापाच्या फण्यासारखी वळलेली दिसतात, तर छायाचित्रातील पिवळसर पंखांपैकी प्रत्येकावर मधोमध पारदर्शक असलेला एकेक गोल डोळा स्पष्ट दिसतो.

जर्मन कीटकशास्त्रज्ञ ह्यूब्नर यांनी १८१९ मध्ये अँथेरिया ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, नोंदवली. आसामचा मुगा, चीनमधील ओकवर वाढणारा पर्नी, जपानचा यामामाई आणि उत्तर अमेरिकेतील पॉलिफेमस हे सर्व तिच्यातलेच. बाह्यरूपात इतके साम्य असूनही गुणसूत्रांच्या जोड्या मायलिटात ३१, मुग्यात १५ आणि पर्नीत ४९ आहेत, हे मला फार विलक्षण वाटते. कोशही वेगळे असतात. मायलिटाची अळी रेशमाचाच चिवट देठ विणून त्याचे कडे फांदीभोवती घट्ट बसवते, त्यामुळे पान गळाले तरी कोश लोंबकळत राहतो. मुग्याच्या कोशाला असा देठ जवळजवळ नसतोच.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागांत ढिवर समाजातील कुटुंबे ऐन व अर्जुनाच्या झाडांवर या अळ्या सोडून, पक्ष्यांपासून व मुंग्यांपासून त्यांची राखण करत हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. त्यांच्या परिचयाच्या किड्याला आपण दुर्मीळ ठरवतो, तेव्हा लोक कुतूहलापोटी तो पकडून बरणीत ठेवतात, आणि याचेच मला वाईट वाटते. प्रौढ पतंगाला अन्न घेण्याजोगे मुखावयव नसतात. अळी असताना साठवलेल्या बळावर तो जेमतेम काही दिवस जगतो आणि तेवढ्या रात्रींतच नराने आपल्या पिसांसारख्या रुंद शृंगिकांनी, म्हणजे डोक्यावरच्या मिशांनी, गंध टिपत मादीपर्यंत पोहोचायचे असते.

तरी कृपया या बातमीची दुरुस्ती छायाचित्रासह प्रसिद्ध करावी, आणि असा पतंग घरात शिरल्यास दिवा मालवून त्याला बाहेर जाऊ द्यावे, अशी सूचनाही सोबत छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, भंडारा