बीलेफेल्डहून आईला

तीर्थरूप आईस,
सा. न. वि. वि.

खायचा सोडा आणि बेकिंग पावडर एकच का, असं तू परवा विचारलंस. फोनवर घाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावं म्हटलं, कारण मी राहते त्या जर्मनीतल्या गावाचा या पावडरीशी फार जवळचा संबंध आहे.

एकच नाहीत गं. ढोकळ्याच्या पिठात तू सोडा घालतेस आणि लिंबू पिळतेस, तेव्हा पीठ फसफसतं तो कार्बन डायऑक्साइड. बेकिंग पावडरीत सोडा आणि कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं. डब्यात ओल लागून त्यांची आपसात क्रिया होऊ नये म्हणून सोबत स्टार्च असतो.

बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं १८४३ मध्ये अशी पावडर केली, तीही बायकोसाठी. तिला यीस्ट सोसत नसे. अंडीही सोसत नसत, म्हणून बिनअंड्याची कस्टर्ड पावडर त्यानं आधीच केली होती. मला हा माणूस फार आवडतो.

पुढे अमेरिकेत हार्वर्डचे प्राध्यापक हॉर्सफर्ड यांनी वेगळं आम्ल शोधलं. तोवर वापरात असलेलं क्रीम ऑफ टार्टर वाईनच्या पिंपांत साचणाऱ्या थरापासून बने, युरोपातून मागवावं लागे आणि महाग पडे. हॉर्सफर्डनी फॉस्फेट वापरलं आणि १८५६ मध्ये पेटंट घेतलं. पिठातला कोंडा काढताना जे फॉस्फेट जातं ते पावातून परत मिळावं, ही त्यांची तळमळ होती. सुरुवातीला ते हाडांपासून काढत. तू दचकशील, पण आता ते खनिजापासून काढतात.

आता आमच्या गावची गोष्ट. आउगुस्ट ओटकर हा बेकरीवाल्याचा मुलगा शिकून फार्मासिस्ट झाला आणि १८९१ मध्ये त्यानं इथलं एक औषधांचं दुकान घेतलं. पावडर तेव्हा नवी राहिली नव्हती. पण घरी केक करणारीला ती किती घालायची, हे कोण सांगणार? त्यानं अर्धा किलो पिठाला नेमकी पुरेल एवढी पावडर मोजून छोट्या पाकिटात भरली आणि दहा फेनिगला, म्हणजे तेव्हाच्या दहा जर्मन पैशांना, विकली. पाकिटामागे कृतीही छापली. माझ्या मते खरं मोठं काम हेच. औषधाच्या पुडीची शिस्त त्यानं स्वयंपाकघरात आणली. आजही इथल्या दुकानांत तसलीच, बोटभर लांबीची कागदी पाकिटं मिळतात. वजनकाटा किंवा चमचा लागत नाही, पाकीट फाडायचं की सरळ मैद्यात.

शेजारच्या काकू पुढच्या महिन्यात पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर पाकिटं पाठवते. मैदा अर्धा किलो घेतलास तर एक पाकीट, पाव किलोला अर्धं. उरलेलं घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेव, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि फडताळातली जुनी पावडर फेकण्याआधी तिच्यातली चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघ. जोरात फसफसली तर अजून चांगली आहे.

बाबांना साष्टांग नमस्कार. गोळ्या वेळेवर घेतात ना, ते कळव.

तुझी,
मनू