पॉवर स्टिअरिंगच्या प्रेशर लाइनला क्लिपा नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्याआधी गाड्यांची डागडुजी करून घेण्याची घाई सुरू झाली, की ‘होज फुटलाय, तुकडा टाकून क्लिपा मारतो, काम होऊन जाईल’ हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास कानी पडते. रेडिएटरच्या होजबाबत हा उपाय तात्पुरता का होईना, निभावतो. पॉवर स्टिअरिंगच्या प्रेशर लाइनबाबत, म्हणजे पंपाचे दाबाखालचे ऑइल स्टिअरिंगपर्यंत नेणाऱ्या नळीबाबत, तो अजिबात निभावत नाही, हे अनुभवाने कळल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझी गाडी २००८ सालची आहे. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर असते, त्यामुळे त्यांच्या मालकांना हा प्रश्न पडत नाही. पण जुन्या इनोव्हा, स्कॉर्पिओ यांसारख्या ऑइलच्या दाबावर स्टिअरिंग चालणाऱ्या गाड्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर आजही रोज दिसतात. गेल्या वर्षी माझ्या गाडीच्या टाकीतील स्टिअरिंग ऑइल कमी होऊ लागले, तेव्हा एका गॅरेजमध्ये प्रेशर लाइनचा फुगलेला रबरी भाग कापून तेथे दुसऱ्या नळीचा तुकडा बसवण्यात आला आणि दोन्ही टोकांना क्लिपा आवळण्यात आल्या. बिलावर ‘होज रिपेअर’ एवढेच शब्द होते. अकराव्या दिवशी ऐरोलीचा खाडीपूल उतरून वळताना ती नळी निसटली. गाडी पत्नी चालवत होती. अशा वेळी स्टिअरिंग लॉक होत नाही, कारण चाकांशी असलेला यांत्रिक जोड कायम राहतो. पण ते क्षणात इतके जड झाले, की तिला दोन्ही हातांचा जोर लावूनच गाडी कडेला घेता आली. ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर सांडून बॉनेटमधून धूर येऊ लागला. हे ऑइल पेट घेऊ शकते, ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती.

क्लिप का टिकली नाही, याचे उत्तर साध्या आकड्यांत आहे. घरचा प्रेशर कुकर सुमारे १५ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, हे दाबाचे माप) दाबावर शिट्टी देतो, रेडिएटरमधील दाबही साधारण तेवढाच असतो, आणि टायरमध्ये आपण ३० ते ३५ पीएसआय हवा भरतो. स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवले, की पंपापासून रॅककडे, म्हणजे चाके वळवणाऱ्या दांड्याकडे, जाणाऱ्या लाइनमधील दाब हजार पीएसआयच्याही वर जातो. म्हणूनच या लाइनचे रबर आणि लोखंडी पाइप कारखान्यात मशीनवर दाबून एकजीव केलेले असतात. रॅककडून टाकीकडे परतणारी नळी कमी दाबाची असते आणि तिला क्लिप चालते. गफलत बहुधा येथूनच सुरू होते.

मग मी पूर्ण लाइन स्वतः बदलायचे ठरवले. औद्योगिक पट्ट्यातील हायड्रॉलिक होजच्या दुकानात जेसीबीच्या नळ्यांसारखी नळी करून मिळते, पण ती घेण्याआधी विचार करावा. स्टिअरिंगच्या लाइनमधील रबर मुद्दाम थोडे ताणले जाणारे असते, कारण पंपाचे ठोके त्यात जिरतात; ताठ नळी दाब सोसेल, पण ते ठोके आवाज आणि थरथर होऊन स्टिअरिंगपर्यंत येतील. मी गाडीच्या मॉडेलनुसार मिळणारी लाइनच घेतली.

काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सेक्रेटरींना आधी सांगून, एका रविवारी केले. इंजिन पूर्ण थंड होते, आणि पुढचा भाग नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घेतला होता. पंपाकडच्या बँजो बोल्टच्या (ऑइल जाण्यासाठी आतून पोकळ असलेल्या बोल्टच्या) दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात. ते नवेच घालावेत, जुने पुन्हा आवळून ऑइल थांबत नाही. रॅककडच्या नटावर साधा पाना घसरून कोपरे झिजतात, म्हणून पाइपच्या नटांसाठी मिळणारा खाचेचा पाना आणला. दोन्ही टोकांचे आटे आधी हाताने धरवले, लाइन मूळच्याच वाटेने एक्झॉस्ट आणि बेल्टपासून दूर ठेवून बसवली आणि मगच शेवटचे आवळले. या पायरीवर घाई केली असती, तर पंपाचे आटे गेले असते आणि गॅरेजवाल्याला हसायला आयते निमित्त मिळाले असते.

सर्वाधिक वेळ लाइनमध्ये शिरलेली हवा काढण्यात गेला. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल भरून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा सावकाश फिरवले आणि मधूनमधून टाकी भरत राहिलो. इंजिन सुरू केल्यावर पंप कण्हू लागला आणि ऑइलला फेस आला, तेव्हा बंद करून अर्धा तास थांबलो. दुसऱ्या खेपेस आवाज गेला. स्टिअरिंग टोकाला काही क्षणांपेक्षा जास्त दाबून धरू नये, कारण त्या वेळी पंपावर सर्वाधिक ताण असतो. गळती शोधताना चालू इंजिनच्या लाइनवरून हात मुळीच फिरवू नये. सुईएवढ्या छिद्रातून उडणारे ऑइल कातडीच्या आत शिरते, आणि जखम बारीक दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. गळती शोधण्यासाठी हाताऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

निघालेले ऑइल गटारात ओतणाऱ्यांना एवढेच सांगतो, की ते गटार शेवटी ठाणे खाडीला मिळते, आणि या खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला आहे. माझा कॅन दोन आठवडे बाल्कनीत पडून होता. अखेर एका ओळखीच्या मेकॅनिकने तो आपल्या जळक्या ऑइलच्या पिंपात रिता करून घेतला.

हे काम प्रत्येकाने घरी करावे, असे मी म्हणणार नाही. पण गॅरेजमध्ये करून घेताना जुनी लाइन परत मागावी, बिलावर ‘रिपेअर’ऐवजी बदललेल्या भागाचे नाव लिहून घ्यावे, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी बॉनेट उघडून त्या लाइनवर क्लिप तर नाही ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणीसाठी येणाऱ्या गाड्या तपासताना परिवहन अधिकाऱ्यांनीही तेवढी एक नजर टाकावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाहनमालक, ऐरोली, नवी मुंबई