खलनायकाविना गोष्ट

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला कथालेखनावरचा लेख वाचला. खलनायकाशिवाय गोष्ट उभीच राहत नाही आणि प्रत्येक कथेत सात पात्रं लागतातच, असं लेखक ठासून सांगतात. आधार दिलाय रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांचा. पण प्रॉप असं म्हणालेलेच नाहीत.

१९२८ साली त्यांनी शंभर रशियन अद्भुतकथा उसवून पाहिल्या. हाती आल्या ३१ घटना आणि सात भूमिका: नायक, खलनायक, दाता, साहाय्यक, कामगिरीवर धाडणारा, राजकन्या (तिच्या बापासकट) आणि तोतया नायक. भूमिका म्हणजे माणूस नव्हे, गोष्टीतलं काम. एकाच पात्राने दोन कामं करावीत, किंवा एक काम तिघांत वाटलं जावं, हे त्यांना मान्य होतं. सगळ्या ३१ घटना एकाच गोष्टीत सापडतील असाही त्यांचा दावा नव्हता.

परवा नातीला 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' सांगत होतो. (आमच्याकडे भोपळ्याला कोहळं म्हणतात, पण गाण्यात भोपळाच राहतो.) मध्येच थांबवून म्हणते, "आबाजी, बुढी हिरो, वाघ व्हिलन, मंग भोपळा कोन जी?" मी म्हटलं, लेकीने आईला भोपळा दिला, म्हणून लेक दाता, भोपळा ही तिने दिलेली जादूची वस्तू. राजकन्या नाही, तोतया नाही, तरी गोष्ट कुठे अडत नाही.

खलनायकाचं तर प्रॉप यांनीच सांगून ठेवलंय: गोष्ट कुणाच्या दुष्टाव्याने सुरू होते, नाही तर कशाच्या तरी उणिवेने. आपल्या श्रावणातल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर, राजाला मूलबाळ नाही. झाली सुरुवात! पुढे 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको' अशी ताकीद येते, कुणी तरी उततं, वसा टाकतं, आणि कहाणी पुढे सरकते. मनाई आणि मनाईचा भंग, या दोन्ही घटना प्रॉप यांच्या यादीत आहेत. आमच्या आईला रशिया कुठे आहे ठाऊक नव्हतं, तांदळाचे दाणे हातात धरून ती हेच ऐकायची.

हे लिहायचं कारण असं की दिवाळीनंतर इकडे मंडई (म्हणजे गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम असतो. गावातली दोन-तीन पोरं नाटक लिहायला बसली आहेत. हा लेख वाचून एकाने कर्जबाजारी शेतकऱ्याच्या नाटकात मिशा पिळणारा सावकार घुसवला. मूळ संहितेत पाऊस आला नव्हता, एवढंच होतं. आणि तेच जास्त अंगावर येत होतं.

नातीला माझं उत्तर पटलेलं नाही. तिच्या मते हिरो भोपळाच, कारण चालतो तोच. बुढी नुसती आत बसून असते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. लाखांदूर, जि. भंडारा