आधी बॅकअप उघडून बघा, मग डिस्कला हात लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली चौदा वर्षं लिनक्स सर्व्हर सांभाळतो, पतसंस्था, शाळा, छोटे कारखाने यांचे. सायबर फ्रॉडच्या बातम्या पेपरात रोज येतात, यायलाच पाहिजेत, पण कुणीही हॅक न करता आपल्याच माणसाच्या हातून पाच मिनिटांत डेटा जातो त्यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी रविवारी रात्री एका पतसंस्थेतून फोन आला. डेटाबेसची जागा भरली होती आणि सभासदांचे स्कॅन केलेले कागद ज्या व्हॉल्यूमवर (डिस्कच्या वेगळ्या काढलेल्या भागावर) होते तिथे भरपूर जागा मोकळी दिसत होती, म्हणून तिथल्या पोराने ती कापून इकडे जोडायचं ठरवलं. विचार चुकीचा नव्हता, एलव्हीएम ही लिनक्सची सोय, डिस्कचे असे भाग पाडून लहानमोठे करणारी, असते त्यासाठीच. पण त्याने फाइल सिस्टिम, म्हणजे त्या भागात फाइली मांडून ठेवणारी रचना, लहान न करताच थेट व्हॉल्यूम कापणारी एलव्हीरिड्यूस ही कमांड चालवली, डेटा जाऊ शकतो अशी वॉर्निंग आली तरी हो म्हणून वाय दाबलं, कारण सोमवारी सकाळी काउंटर उघडायचा होता आणि मॅनेजर डोक्यावर उभे होते.

व्हॉल्यूम म्हणजे शेताचा बांध आणि फाइल सिस्टिम म्हणजे आतलं पीक समजा. वावर वाढवायचं तर आधी बांध सरकवा मग पेरा, कमी करायचं तर आधी पीक आत घ्या मग बांध सरकवा. उलट केलं की पीक शेजाऱ्याच्या हद्दीत जातं आणि तो तिथे नांगर घालणारच. इथे तेच झालं, सुटलेली जागा लगेच डेटाबेसला जोडली आणि तिच्यावर नवीन डेटा लिहिला गेला. त्याआधी हात थांबला असता तर बहुतेक सगळं वाचलं असतं, एलव्हीएम बदलाआधीचा नकाशा /ईटीसी/एलव्हीएम/आर्काइव्ह या फोल्डरमध्ये ठेवतं, त्यावरून जुन्या हद्दी परत आणता येतात. वर घाबरून एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड, चालवून प्रत्येक प्रश्नाला येस. आठ महिन्यांचे कागद गेले. बॅकअपचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, कधीच बंद पडला होता आणि कुणी उघडून बघितलंच नव्हतं.

ईएक्सटी४ ही लिनक्समधली फाइल सिस्टिम चालू सर्व्हरवर वाढवता येते, पण लहान करायला अनमाउंट करावंच लागतं, म्हणजे तेवढा वेळ वापरातून काढावी लागते. आधी एफएससीकेने तपासायची, मग तिचा आकार बदलणाऱ्या रिसाइझटूएफएस कमांडने गरजेपेक्षा जरा जास्तच लहान करायची, म्हणजे ५० जीबी हवं असेल तर ४५, मग व्हॉल्यूम ५० वर आणायचं आणि शेवटी फाइल सिस्टिम परत त्यात पूर्ण पसरवायची. एलव्हीरिड्यूसच्या कमांडमध्ये ५० लिहिलं तर ५० वर आणा आणि मायनस ५० लिहिलं तर ५० ने कमी करा, एका रेघेचा फरक, त्यामुळे एंटर मारायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा. रेड हॅट या लिनक्समध्ये आवृत्ती ७ पासून डिफॉल्ट फाइल सिस्टिम एक्सएफएस आहे, ती लहान करायच्या भानगडीत पडूच नका, नवीन व्हॉल्यूम बनवून डेटा कॉपी करा.

आणि स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणारी प्रत, हा बॅकअप नाही, तो त्याच डिस्कवर असतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरचे कोड ठेवणाऱ्या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला गेला, बॅकअपच्या एवढ्या पद्धती होत्या पण ऐनवेळी कामाला आला तो सहा तास आधी एका इंजिनियरने हाताने काढलेला एलव्हीएम स्नॅपशॉट, आणि तो सुद्धा दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन ठेवला होता म्हणून.

संचालक मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे, असं काम असेल तेव्हा काउंटर बंद ठेवून पुरेसा वेळ द्या, आणि महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर खरोखर रिस्टोअर करून बघायला लावा. एक जास्तीची डिस्क काही हजारांत येते. त्या पतसंस्थेने पोराला कामावरून काढलं. त्याने नवीन डिस्क दोनदा मागितली होती, ते दोन्ही मेल मी स्वतः वाचलेत.

आपला,
एक वाचक, जि. सांगली