टायरवरच्या अक्षरांना व्हाइटनर लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकच्या सातपूरला खऱ्या मोटारीही बनतात आणि टायरही. अशा गावातल्या मुलांच्या हातची 1:24 प्रमाणातली, म्हणजे खरीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी छोटी मोटारही टायरपर्यंत नीट रंगलेली असावी, एवढ्यासाठी हे पत्र. सुट्या भागांच्या किटमधून अशा मोटारी जोडणाऱ्यांची मेहनत बहुतेक वेळा टायरच्या कडेवरची उठावाची अक्षरे पांढरी रंगवताना फसते.

हाताशी असतो म्हणून व्हाइटनर लावला जातो. तो वाळून कडक होतो, टायर मात्र मऊच. रिमवर चढवताना टायर ताणला की व्हाइटनरचे पापुद्रे सुटतात. घरातला ऑइलपेंट तर मुळीच नको. किटमधले व्हिनाइलचे (एक प्रकारच्या प्लॅस्टिकचे) टायर मऊ राहावेत म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेले असते. ते हळूहळू वर येऊन रंगात शिरते, मग अक्षरे महिनोन्महिने चिकट राहतात आणि धूळ धरतात. हेच द्रव्य प्लॅस्टिकचे रिमही विरघळवते. म्हणून टायर जिथे टेकतो त्या रिमच्या कडेला रंगाचा एक हात आधी द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा.

अक्षरांसाठी पाण्यात मिसळणारा मॅट (बिनचकाकीचा) अ‍ॅक्रिलिक रंग घ्यावा. त्याआधी टायर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासून धुवावेत. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला तर रंगाचे थेंब होऊन तो गोळा होतो. तसे दिसले की रंग पुसून टायर पुन्हा धुवायचा. कोरडा झालेला टायर रिमवर चढवूनच रंगवावा, म्हणजे नंतर ताण पडत नाही. मग 800 नंबरचा पॉलिश पेपर काचेवर पसरून त्यावर टायरची कड अगदी हलक्या हाताने दोन-तीनदाच फिरवावी. त्याने अक्षरांचे माथे खरखरीत होतात आणि रंग धरतात. जास्त घासले तर अक्षरेच जातात, आणि ती परत येत नाहीत.

शुद्ध पांढरा रंग डोळ्यांवर येतो. पांढऱ्याच्या 10 थेंबांत मातकट पिवळ्याचा 1 थेंब पुरे. खऱ्या टायरमध्ये काळ्या रबराखाली पांढऱ्या रबराचा थर असतो आणि अक्षरांवरचे काळे रबर घासून तो उघडा करतात. रस्त्यावर तो थर कधी शुभ्र राहत नाही.

खरे कौशल्य आहे ते कोरड्या ब्रशचे. चपटा, आखूड केसांचा ब्रश रंगात बुडवून टिश्यूवर पुसत राहावे, इतके की कागदावर जेमतेम खूण उमटेल. मग ब्रश जवळजवळ आडवा धरून अक्षरांच्या माथ्यांवरून आडवा फिरवावा. पहिल्या हातात अक्षरे राखाडी दिसतील. तिथे धीर सुटतो, ब्रश पुन्हा रंगात बुडतो आणि मधल्या फटी भरतात. असे तीन-चार हात, प्रत्येकामध्ये अर्धा तास. खऱ्या टायरवरचे इंचभर अक्षर इथे जेमतेम 1 मिलिमीटरचे होते, त्यामुळे रंगाचा जाड थर लगेच कळतो. सुटलेल्या जागी टूथपिकच्या टोकाने ठिपका द्यावा.

फटीत गेलेला रंग ओला असेपर्यंत ओलसर कापसाच्या काडीने टिपावा. वाळल्यावर मात्र खरवडू नये. काळ्यात थोडा राखाडी मिसळून बारीक ब्रशने झाकावा. नुसता काळा टायरपेक्षा गडद दिसतो आणि डाग उठून येतो.

आषाढ-श्रावणात नाशिकच्या दमट हवेत अर्ध्या तासाच्या जागी दोन तास धरावेत. शेवटचा हात दिल्यावर टायर रात्रभर तसाच ठेवून मगच बोट लावावे.

आपल्या बालपुरवणीत किट जोडण्यावर मजकूर येईल तेव्हा निदान व्हाइटनर आणि ऑइलपेंटबद्दलच्या दोन ओळी त्यात अवश्य छापाव्यात, ही विनंती.

– छोट्या मोटारी जोडणारे काही वाचक, नाशिक