मा. पणन मंत्र्यांना खुले पत्र: आधीच विकलेल्या भाजीची जप्ती

मा. पणन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुरंदर तालुक्यातली शेतकरी. दीड एकरावर भाजीपाला करते. शहरातली ३८ कुटुंबं जूनमध्येच चार महिन्यांचे पैसे देतात आणि दर शनिवारी शेतात जे निघेल ते घेतात. पावसाने झोडपलं की पिशवी हलकी, गवार मातली की घरोघर गवारच. (एक काकू म्हणाल्या, "बाई, पुन्हा दोडका आणलास तर बघ!" पण पैसे परत मागितले नाहीत.)

गेल्या शनिवारी सकाळी साडेसातला सोसायटीच्या फाटकाबाहेर आमचा छोटा हत्ती उभा होता. अतिक्रमण पथक आलं. म्हणे, विनापरवाना विक्री. अहो, मी विकत नव्हते, पोचवत होते! वही दाखवली, नावं दाखवली. कुणी बघेना. वजनकाटा आणि ११ क्रेट उचलून नेले. पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात उपटलेली मेथी, मुळांची माती अजून ओली होती. सोमवारी दंड भरला तेव्हा क्रेट मिळाले. मेथीचा चिखल झालेला आणि अंबाडी गायब. पावतीवर लिहिलंय, 'किरकोळ माल'.

जागेसाठी दोन वर्षं अर्ज करतेय. मेळाव्यात एका साहेबांनी माइकवर शब्द दिला होता, "ताई, दिवाळीआधी जागा देतो." कोणत्या दिवाळीआधी, ते विचारायचं राहिलं.

२०१६ साली सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीबाहेरही विकायची मोकळीक दिली. संत सावता माळींच्या नावाने आठवडे बाजार काढले. २०२० मध्ये सरकारचं 'विकेल ते पिकेल' अभियान आलं. आमचं तर पिकायच्या आधीच विकलं गेलंय, उभं राहायला दहा फूट जागा तेवढी नाही. आज सावतोबा टेम्पो घेऊन आले असते, तर त्यांचीही पावती फाडली असती.

माझ्या वडिलांना एकदा मार्केटयार्डातून कोथिंबिरीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, आली. भाडं, हमाली, तोलाई जाऊन उलट त्यांच्याच अंगावर ४० रुपये निघाले. ती पट्टी आईच्या पेटीत अजून आहे. आणि २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेचा अभ्यास काय सांगतो? ग्राहक टोमॅटोला मोजतो त्या रुपयातले ३३ पैसे शेतकऱ्याचे. उरलेल्या ६७ मधले निम्मे तरी मधले लोक खात असणार. चुकत असेन तर तुमच्या खात्याने हिशेब छापावा.

त्याच सोसायटीसमोर दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्यांच्या गाड्या फुटपाथ अडवून उभ्या असतात. पथकाला त्या दिसत नाहीत. त्या पोरांवर राग नाही, तीही आमच्याच गावांतून गेलीत. राग आहे तो पक्ष कुठलाही आला तरी छोट्याचीच गाडी उचलणाऱ्या या कारभारावर.

मागणं एवढंच: उभं राहायला जागा, शनिवारी सात ते नऊ, दोन तास. सुट्टीच्या दिवशी शाळेचं मैदानसुद्धा चालेल. उत्तराची वाट बघायला वेळ नाही, वांगी तोडणीला आलीत. या शनिवारी मी त्याच फाटकावर असेन. दंडाचे पैसे वेगळे बांधून आणते आहे.

आपली,
पुरंदरची एक शेतकरी