प्रयोगशाळेचं कुलूप कुठल्या रकान्यात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अकरावी-बारावी सायन्सच्या पालकांसाठी काल आपण 'ऑनलाइन, क्लास की स्वाध्याय' असा लेख आणि शेजारी तक्ता छापलात. लेख चांगला आहे, भाषा सोपी आहे. 'पाल्याचा कल ओळखा' हे वाक्य चार वेळा आलंय, मी मोजलं. पण लेखकमहाशयांच्या घरात कुणी सायन्सला नसावं, असं वाचताना सारखं वाटत राहिलं.

माझं ज्युनियर कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, 19 वर्षं झाली. कुठलं पोरगं काय शिकतंय ते त्याच्या आईबापाच्या आधी मला कळतं. तक्त्यात ऑनलाइनपुढे 'कमी खर्च' असं लिहिलंय. अहो, ऑनलाइनवाली मुलं हेच तर माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक! चारशे पानांची पीडीएफ मोबाइलवर कुणाच्यानं वाचवत नाही. मग ती माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पाठोपाठ पोरगं येतं. पानाला रुपया, वर स्पायरल. तीन-चार विषय, दोन वर्षं. हिशेब तुम्हीच मांडा. माझी त्याबद्दल तक्रार नाही, माझी चूल त्यावरच पेटते. फक्त 'कमी खर्च' म्हणू नका एवढंच.

स्वाध्यायापुढे 'अतिहुशार विद्यार्थ्यांसाठी' एवढंच लिहून मोकळे झालात. एनसीईआरटीची आणि बालभारतीची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात, जेईई-नीटसाठी आयआयटी कानपूरचं 'साथी' पोर्टल फुकट आहे, हे लिहायला दोन ओळी लागल्या असत्या. पण फुकटच्या गोष्टीची जाहिरात येत नाही. जाहिरात येते क्लासची, पहिल्या पानावर, टॉपरांच्या फोटोंसकट. काल ती होतीच. लेख सहाव्या पानावर होता.

आणि सीईटीला निगेटिव्ह मार्किंग कुठून आणलंत? ते जेईईला. मेनला चुकलेल्या उत्तराचा एक गुण जातो, सीईटीला काही जात नाही. गणिताचा एकेक प्रश्न तिथे दोन गुणांचा. तुमचा तक्ता वाचून एखादं भित्रं पोर दहा प्रश्न कोरे सोडून येईल, त्याची भरपाई कोण करणार?

असो. खरं दुखणं पुढेच आहे. शेवटच्या ओळीत 'इंटिग्रेटेड' पुढे लिहिलंय: 'कॉलेज व क्लास एकाच छताखाली, वेळेची बचत'. हे वाचून काल माझा चहा गार झाला.

माझी मुलगी इंटिग्रेटेडला होती. फी भरली तेव्हा दोन पावत्या मिळाल्या. कॉलेजची लहान, क्लासची मोठी, आणि मोठीवर 18 टक्के जीएसटी. कॉलेजच्या फीवर जीएसटी नसतो. शिक्षण कुठलं आणि धंदा कुठला, हे त्या दोन कागदांवरून मला तेव्हाच कळायला हवं होतं. सायन्सच्या मुलांची हजेरी बायोमेट्रिक घ्यायची, असा आदेश सरकारनं 2018 मध्ये काढला होता. आमच्या मुलीचं बोट दोन वर्षांत एकदाही कुठल्या यंत्राला लागलं नाही. हजेरी मात्र पंचाहत्तर टक्क्यांच्या वर, अगदी व्यवस्थित.

बारावीच्या केमिस्ट्रीला प्रात्यक्षिकाचे 30 गुण असतात. प्रयोगशाळेला कुलूप. क्लासवाल्यांनी ग्रुपवर टायट्रेशनचा (एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून मापायच्या प्रयोगाचा) व्हिडिओ टाकला, तो हिनं दुप्पट वेगानं पाहिला. जर्नलसाठी मागच्या वर्षीच्या एका मुलीची वही आणली आणि (हे लिहायला लाज वाटते) माझ्याच मशीनवर मी तिची झेरॉक्स काढून दिली. तीन रात्री बसून हिनं ती उतरवली. त्यात ब्युरेटचं, म्हणजे थेंब सोडायच्या उभ्या मापनळीचं, रीडिंग होतं 9.8. तीनदा काढलं, तीनदा 9.8. त्या आठवड्यात माझ्या काचेवरून जेवढी जर्नलं गेली, त्या सगळ्यांत 9.8.

परीक्षेला हिच्या वाट्याला नेमकं तेच आलं, पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल. फ्लास्कमधलं द्रावण आधी चांगलं वाफ येईपर्यंत तापवावं लागतं, नाहीतर सुरुवातीला रंग उडतच नाही. हिनं थंड द्रावणात चार थेंब सोडले, गुलाबी रंग आला, तो जाईना. हिला वाटलं झालं, एंड पॉइंट आला, प्रयोग पुरा. रीडिंग लिहिलं 0.4. तेही नळीतल्या द्रावणाच्या खालच्या कडेवरून घेतलेलं. परमँगनेट इतकं गडद असतं की त्यात वरची कड वाचायची असते, पण ते व्हिडिओत दिसलं नव्हतं. प्रयोगशाळेतले मामा मागून जात होते. त्यांनी फ्लास्ककडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाळा, तापवायचं असतं ते. आता राहू दे, जर्नलमधलं लिही." हिनं 0.4 खोडून 9.8 लिहिलं. पास झाली, चांगल्या गुणांनी झाली. घरी येऊन मात्र जेवली नाही. मला म्हणाली, "बाबा, या दोन वर्षांत मी आज पहिल्यांदा ब्युरेट हातात धरली."

आता ती बी.फार्मसीला आहे. पहिल्या सेमिस्टरला तिकडच्या मॅडमनी विचारलं, पिपेट कधी धरलीय का? वर्गातले निम्मे हात खालीच राहिले म्हणे.

तर ऑनलाइन, क्लास की स्वाध्याय हा प्रश्न मला तरी पडलेला नाही. हिला तिन्ही मिळाले, एकाच फीत. दुपारपर्यंत क्लास, सर आले नाहीत की रेकॉर्डेड लेक्चर, आणि पोर्शन उरला की 'सेल्फ स्टडी करा'. मिळालं नाही ते फक्त कॉलेज, ज्याचं नाव दाखल्यावर आहे ते. त्याचा रकाना तुमच्या तक्त्यात नाही.

जाता जाता आणखी एक. सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासनं प्रवेश देऊ नये, मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रानं जानेवारी 2024 मध्ये काढली. बातमी आपणच छापली होती, कात्रण माझ्या गल्ल्याखाली आहे. गेल्याच आठवड्यात आठवीतल्या एका मुलानं 'फाउंडेशन बॅच'च्या नोट्स माझ्याकडे बाइंडिंगला टाकल्या. यावरही कधी एखादा तक्ता येऊ द्या.

आणि तक्ता छापाल तेव्हा जरा मोठ्या अक्षरात छापा. कालचा इतका बारीक आणि फिका होता की दुपारपर्यंत चार पालक तो मोठा करून घ्यायला दुकानात आले. ए-थ्रीवर काढून दिला, दहा रुपये प्रत. सीईटीची चूक चौघांच्याही प्रतीवर पेननं दुरुस्त केली. दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत.

आपला,
एक झेरॉक्सवाला पालक, नाशिक जिल्हा